कानपिळीचा मान

माघातली सकाळ. उत्तरेला सातपुड्याची निळीधूसर रांग अजून धुक्याची दुलई सोडायला तयार नव्हती, आणि तिच्या पायथ्याशी भुयारांचा संत्र्याचा बगीचा अंगभर फुलला होता. पानोपानी शुभ्र फुलं, फुलाफुलावर दवबिंदू, आणि साऱ्या शिवारावर तो गंध, गोड, गार, किंचित कडसर. परतवाड्याच्या वाटेने जाणारे सायकलवाले कुंपणाशी आले की आपोआप सावकाश होत.

असा बहार फुकट येत नाही. त्यासाठी पौषात झाडांचं पाणी तोडावं लागतं. मुळं तहानलेली, पानं मलूल, खोडाखोडात कासाविशी. बगीचा ताणावर सोडला म्हणतात, तो असा. मग एके दिवशी पाटाला पाणी सुटतं आणि तहानेलं झाड झालं गेलं सगळं विसरून फुलतं. झाडांना विसरता येतं. माणसांचं तेवढं सोपं नसतं.

त्या शुभ्रसुगंधी बगीच्यात, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत, आज मांडव घातला होता. आंब्याच्या डहाळ्यांचं हिरवं छत, झेंडूच्या केशरी माळा, खाली शेणाने सारवलेली ओलसर सोनेरी भुई. वसंतराव भुयारांच्या एकुलत्या लेकीचं, मैथिलीचं, लग्न होतं. सनई होती, रांगोळी होती, पाहुण्यांची वर्दळ होती, मागे चुलाणावर वरण उकळत होतं. नव्हता तो एकटा शिरीष. आणि तो नाही, हे कुणीच बोलत नव्हतं.

शिरीष धर्माळे. भुयारांच्या परतवाड्यातल्या घराला भिंत लागून ज्याचं घर, तो. रक्ताने कुणीच नाही, आणि तरी घरातल्या मांजरीपासून वसंतरावांपर्यंत सगळ्यांवर ज्याचा हक्क चाले, तो. सव्विशीतला, शेलाटा, सावळा. हसताना त्याचा एक डोळा आपसूक मिटायचा, त्यामुळे तो प्रत्येक हसण्यात कुणाची तरी फिरकी घेतोय असं वाटायचं. आणि बहुतेक वेळा तो घेतच असायचा.

तो यायचा, तो मागच्या दाराने. पुढचं दार पाहुण्यांसाठी असतं, असं त्याचं म्हणणं. आधी शीळ यायची, मग हसू यायचं, मग तो यायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकायचा आणि भाजी न चाखताच सांगायचा, "काकू, मीठ जास्त झालं." मैथिलीची आई यमुनाबाई घाईघाईने चमचाभर रस्सा तोंडात टाकायच्या. दर वेळी फसायच्या, दर वेळी चिडायच्या, आणि चुलीवरची पहिली गरम भाकर दर वेळी त्याच्याच ताटात पडायची.

तो यायचा, तेव्हा घराचा रंग बदलायचा. श्रावणातली मळभलेली दुपार असो, नाहीतर वैशाखातली भाजून काढणारी, तो आला की ओसरीवर हसण्याचा पाट सुटायचा. वसंतराव शाळामास्तर, तसे घुमे. शाळेत मुलं त्यांना भ्यायची आणि घरी ते स्वतःच्या आवाजाला भ्यायचे. पण शिरीषने हेडमास्तरांची नक्कल केली की मास्तरसुद्धा धोतराच्या सोग्यात तोंड लपवून हसत. लेक असावा तर असा, असं त्यांना कितीदा वाटलं असेल. म्हणाले मात्र कधीच नाहीत.

बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. गावोगावच्या मुक्या पेट्या त्याच्याकडे यायच्या आणि गात परत जायच्या. एखादी हट्टी पेटी काही केल्या बोलेना, तर तो तिच्याशी गप्पा मारायचा, तिला रागे भरायचा, मग लाडीगोडी लावायचा. लोक हसायचे. पण पेट्या बोलायच्या, हेही खरं.

आता कानपिळीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मैथिली सातआठ वर्षांची असताना चांदूरबाजारला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. धर्माळेही आले होते. होमात लाह्या पडल्या, आणि नवरीचा भाऊ पुढे झाला. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, हे त्याने शब्दांत सांगायचं नसतं. नवऱ्या मुलाचा कान धरून सांगायचं असतं. त्याने कान पिळला, नवरदेव कळवळला, मांडव खदखदला, वरपक्षाने भावाच्या खांद्यावर नवाकोरा शेला टाकला. मैथिली मात्र रडवेली झाली. "आई, माझ्या नवऱ्याचा कान कोण पिळणार?"

तिला भाऊ नव्हता. आता होणारही नव्हता, हे यमुनाबाईंना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात पंगतीच्या बाजूने एक हात वर झाला. बुंदीने बरबटलेला, मनगटापर्यंत चिकट, किडकिडीत हात. "मी!" तोंडातला घास न गिळताच शिरीष ओरडला. "मी पिळीन. दोन्ही पिळीन!"

त्या दिवसापासून तो मान त्याचा झाला. कुणी दिला नाही, कुणी मागितला नाही, पण साऱ्या गल्लीला तो ठाऊक झाला. राखीपौर्णिमेला मैथिलीची राखी त्याच्या मनगटावर, भाऊबीजेला तिची ओवाळणी त्याच्या कपाळावर, आणि लग्नात तिच्या नवऱ्याचा कान त्याच्या चिमटीत. ठरलं ते ठरलं.

मग सुरू झाली तालीम. येता जाता तो नळाचा कान पिळायचा, कंदिलाचा पिळायचा, ओसरीवर पेंगणाऱ्या मांजरीचा पिळायचा आणि ओरखडे घेऊन हसायचा. गच्च बसलेलं झाकण उघडायचं असलं की यमुनाबाई बरणी त्याच्याकडे द्यायच्या, "घे, तुझा जावई." तोही बरणीला दटावायचा, "आमच्या बहिणीशी नीट राहाल ना, जावईबापू?" आणि झाकण निघायचं. मैथिली ओढणीत तोंड खुपसून हसायची. हसता हसता ती मोठी झाली.

स्थळं यायला लागली. पांढरेशुभ्र कपडे, पॉलिश केलेले बूट, खाली घातलेल्या नजरा. वसंतराव पगार विचारत, यमुनाबाई माणसं बघत, आणि शिरीष पोह्यांच्या बशा घेऊन आत-बाहेर करत फक्त कान बघे. पाहुणे उठले की स्वयंपाकघरात त्याचा निकाल लागे. "नाही जमणार. कान हायेत का ते? पापडी हाये पापडी. धरू कुठं?" दुसऱ्याच्या वेळी म्हणाला, "याचे तर केसातच दडले. शोधत बसू का मांडवात?" यमुनाबाई लाटणं उगारत. मैथिली उंबऱ्याआड हसून लोटपोट होई. योगायोग म्हणा, पण त्यातलं एकही स्थळ जमलं नाही.

तसे ते दिवस. सोनसळी, सैल, सांडलेले. आपल्याकडे असे दिवस आहेत हे माणसाला त्या दिवसांत कळत नाही. कळलं असतं तर कुणीतरी ते नीट जपून ठेवले असते.

भाद्रपदात त्याला ताप आला. साधा ताप. उंबऱ्यावर बसून त्याने यमुनाबाईंच्या हातचा काढा प्यायला, तोंड वेंगाडलं, म्हणाला, "ताप बरा, पण हा काढा नको." दुसऱ्या दिवशी उठवेना. अमरावतीला नेलं. वसंतराव बरोबर गेले. घरी सगळे त्याच्या शीळेची वाट बघत राहिले. मागचं दार उघडंच ठेवलं होतं.

त्या दाराने वसंतराव एकटे आत आले. त्यांना काही बोलावं लागलं नाही.

त्यानंतर दोन्ही घरांवर एक शांतता उतरली. त्याची आई, इंदूकाकू, आधीच एकट्या. नवरा केव्हाच गेलेला, लेक एवढाच. यमुनाबाई रोज त्यांच्याकडे जात, भाजी नेऊन देत, शेजारी बसत. हवापाण्याचं बोलत, दुधाच्या भावाचं बोलत, पण त्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं तर बिचारीच्या जखमेवरची खपली निघेल, असं यमुनाबाईंना वाटे. वसंतरावांना वाटे. गल्लीला वाटे, बाजाराला वाटे. ज्याच्या नावाने दिवसभर हाका पडत, ते नाव साऱ्या गावाने मिळून, अगदी मायेने, गिळून टाकलं.

इंदूकाकू ऐकत बसत. दार वाजलं की आशेने वर बघत. आलेला माणूस पावसाचं बोलून निघून जाई.

कार्तिकात वरूडचं स्थळ आलं. नरेश वाटाणे. शेतकी खात्यात नोकरी, अंगाने आडवा, बोलायला लाजरा. मैथिली पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, तिने वर पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. नरेशचे कान असे ऐसपैस, असे बाहेर आलेले की चिमटीच काय, अख्खी मूठ बसावी. हसता हसता तिचे डोळे भरले, भरता भरता ती हुंदके द्यायला लागली. पाहुणे गोंधळले. मग पाहुण्यांना बगीचा दाखवायला नेलं, तिथे दोघांना बोलायला एकटं सोडलं, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. शिरूदादाचं, कानांचं, सगळं.

नरेशने ऐकून घेतलं. संत्र्याचं एक पान बोटांनी चुरडलं. मग स्वतःच्याच कानाला हात लावून हळूच म्हणाला, "मंग माहे कान पास झाले असते का त्यांच्याकडून?" मैथिलीने त्याला होकार दिला तो त्या एका वाक्यासाठी. बाकी नोकरी-बिकरी वडील बघत होते.

लग्न ठरलं. आणि घरात न बोललेला एक प्रश्न उभा राहिला. कान कोण पिळणार?

नागपूरचा चुलतभाऊ तयार होता. मैथिली म्हणाली, दुसरं कुणी नाही. यमुनाबाई म्हणाल्या, इंदूवहिनींसमोर तो विधी नकोच, त्यांचं काळीज फाटेल. वसंतरावांनी नेहमीप्रमाणे मान हलवली आणि गुरुजींना सांगून टाकलं की तेवढं सोडा, लाह्या झाल्या की थेट सप्तपदी घ्या. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. सगळ्यांना इंदूकाकूंना जपायचं होतं. फक्त इंदूकाकूंना कुणी विचारलं नाही.

अक्षत द्यायला मात्र वसंतराव गेले. कुंकवाचे तांदूळ सदऱ्याच्या खिशात, चपला दाराबाहेर. इंदूकाकूंनी चहा ठेवला. शिरीषला जाऊन अजून वर्ष पालटलं नव्हतं. अशा घरात मंगलाची अक्षत कशी ठेवावी, कोणत्या तोंडाने म्हणावं की लग्नाला या? वसंतरावांनी चहा घेतला, साखर बरोबर आहे म्हणाले, आणि उठले. तांदूळ खिशातच राहिले. इंदूकाकूंनी दारापर्यंत सोबत केली. त्यांची नजर त्या खिशाकडे जाऊन आली, हे मास्तरांना दिसलं. दिसूनही ते चालू लागले.

म्हणून आज, मुहूर्ताच्या थोडं आधी, बगीच्याच्या फाटकातून इंदूकाकू आत येताना दिसल्या तेव्हा यमुनाबाईंनी हातातलं ताट तिथेच खाली ठेवलं.

धुतलेलं फिकट लुगडं, रिकामा गळा, ताठ मान. फुललेल्या झाडांच्या मधल्या पांढऱ्या वाटेने ती ठेंगणी, सुकलेली बाई एकटी चालत आली आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाशी बसली. बायका लगबगीने सरकल्या. बसा वहिनी. पाणी घ्या वहिनी. बरं केलं आल्या. ऊन लागलं का? सगळं विचारलं. त्याचं कुणी काही बोललं नाही.

अंतरपाट सरला. अक्षतांचा पिवळा वर्षाव झाला. होम पेटला, धुराची निळी वेल डहाळ्यांच्या छतातून वर गेली. मामाने मैथिलीच्या ओंजळीत लाह्या घातल्या, तिने त्या अग्नीला दिल्या. तडतडत, उजळत त्या विझल्या. आता त्या जागेवर एक क्षण असतो, सगळा मांडव ज्याच्यासाठी माना उंच करतो. गुरुजींनी वसंतरावांकडे पाहिलं. वसंतरावांनी जमिनीकडे पाहिलं.

"चला, सप्तपदी," गुरुजी म्हणाले. नवरानवरी उभी राहिली.

"गुरुजी, कानपिळी राह्यली न?"

आवाज मोठा नव्हता. पण सनई नेमकी थांबलेली, त्यामुळे तो शेवटच्या रांगेपासून होमापर्यंत स्वच्छ ऐकू आला. इंदूकाकू खांबाला धरून उभ्या होत्या.

अखेर वसंतराव पुढे आले. शब्द शोधत, हात चोळत म्हणाले, "वहिनी, आम्हीच म्हटलं राहू द्या. तुम्हाले तरास नको म्हणून..."

"तरास?" इंदूकाकू म्हणाल्या. "भाऊ, माह्या लेकाचं नाव कोणी घेत नाही, हा तरास हाये मले. घरी येता, पावसाचं बोलता, दुधाचं बोलता. जसा काही तो जन्मलाच नव्हता." त्यांनी खांब सोडला. "लेक देवानं नेला. त्याचा मान तुम्ही काऊन नेता?"

वसंतराव भुयार, ज्यांना मुलं भीत, ते भर मांडवात लहान पोरासारखे रडायला लागले. "चुकलं, वहिनी," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी वाट मोकळी केली.

इंदूकाकू होमाशी आल्या. कुणीतरी मागे कुजबुजलं, बाईमाणूस कान पिळते काय, आणि तीही वर्षाच्या आतली. गुरुजींनी त्या दिशेला असं काही पाहिलं की कुजबूज तिथेच मिटली. मैथिली इंदूकाकूंना बिलगली, तिच्या मुंडावळ्या त्यांच्या पदरात अडकल्या. त्यांनी त्या शांतपणे सोडवल्या आणि नरेशकडे वळल्या.

त्यांचा हात पोचेना. नरेश खाली वाकला. आणखी वाकला.

इंदूकाकूंनी त्याचा तो ऐसपैस उजवा कान धरला आणि असा पिळला, असा पिळला की लाजरा नरेश मोठ्याने ओरडला, "आई गं!" मांडव एकदम फुटला. म्हातारे हसले, बायका हसल्या, चुलाणावरचा आचारी झारा घेऊन धावत आला आणि हसला. मैथिली हसत होती आणि तिच्या गालांवरून हळदीचं पाणी ओघळत होतं.

"हा शिरीषकडून हाये," इंदूकाकू म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक अक्षर जपून. "माह्या शिरीषकडून. पोरीले जप."

"जपतो," नरेश म्हणाला.

विधी झाला. पण कान सुटला नाही.

हसू हळूहळू ओसरलं. गुरुजी खाकरले. "झालं, बाई. सोडा आता."

"सोडला का सरलं न, गुरुजी," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "एवढंच त्याचं करायचं राह्यलं होतं."

नरेशने मान वर केली नाही. मुंडावळ्या लोंबत होत्या, पाठ वाकलेली, कान लालभडक. तशातच तो म्हणाला, "धरा, काकू. मले काही घाई नाही."

सप्तपदी थांबली. पंगत थांबली. त्या थांबलेल्या क्षणात यमुनाबाई पुढे झाल्या, पदराने डोळे पुसत त्यांनी इंदूकाकूंच्या पाठीवर हात ठेवला, आणि कितीतरी महिने तोंडात कोंडून ठेवलेलं नाव पहिल्यांदा उच्चारलं. "वहिनी, शिरीष एकावर नसता थांबला. तो दोन्ही पिळणार होता."

"अन् शेला घेऊन वरून भांडला असता शिरीष," गल्लीतलं कुणीतरी म्हणालं. "शिरीष असता तर नवरदेव आतापर्यंत पळाला असता," दुसरं म्हणालं. आचारी म्हणाला, शिरीष सगळ्यात आधी बुंदीपाशी येऊन बसला असता. शेवटच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, माझा रेडिओ शिरीषनेच बोलता केला होता. मग कोण काय बोलतंय ते कळेनासं झालं. शिरीष म्हणायचा. शिरीष हसायचा. आमच्याकडे शिरीष आला होता तेव्हा. या रांगेतून त्या रांगेत, या तोंडातून त्या तोंडात, ते नाव साऱ्या मांडवभर हिंडू लागलं.

इंदूकाकू मान कलती करून ऐकत होत्या. एकेकाकडे वळून बघत होत्या, आणखी सांगा, आणखी सांगा अशा डोळ्यांनी. नरेश वाकलेलाच होता. आणि त्याच्या कानावरची ती सुकलेली बोटं एकेक करून सैल होत होती, सैल होत होती.